एल१टीडी१ आणि भ्रूणीय मूलपेशींची बहुक्षमता: प्रयोगातील या चुका टाळा

भ्रूणीय मूलपेशींच्या बहुक्षमतेशी (शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनण्याच्या क्षमतेशी) जोडल्या जाणाऱ्या एल१टीडी१ या जनुकाबाबतची पहिली चूक त्याच्या नावातूनच उद्भवते. ‘लाइन-१ टाइप ट्रान्सपोजेस डोमेन कंटेनिंग १’ या पूर्ण नावात ‘ट्रान्सपोजेस’ आहे, म्हणून हे प्रथिन डीएनए कापून दुसरीकडे जोडत असावे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हे जनुक लाइन-१ या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (आरएनएमार्फत स्वतःची प्रत जनुकसंचात इतरत्र घालणाऱ्या डीएनए-घटकाच्या) पहिल्या ओआरएफपासून (प्रथिनाचा संकेत असलेल्या भागापासून) उत्क्रांत झाले असून त्या ओआरएफचे प्रथिन आरएनएला बांधले जाते. डीएनए कापणे आणि आरएनएवरून डीएनए घडवणे ही कामे दुसऱ्या ओआरएफची आहेत आणि तो या जनुकात नाही.

हे प्रथिन आरएनएला बांधले जात असल्यामुळेच इम्युनोप्रेसिपिटेशनचा (प्रतिपिंडाने एखादे प्रथिन त्याच्या जोडीदारांसह पेशीद्रवातून ओढून काढण्याच्या पद्धतीचा) निष्कर्ष काढताना घाई करू नये. मानवी भ्रूणीय मूलपेशींत एल१टीडी१बरोबर लिन२८ हे प्रथिनही बाहेर येते, आणि ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या पटलावर) ठळक पट्टी दिसली की दोन्ही प्रथिने थेट जोडलेली आहेत असे लिहिण्याचा मोह होतो. मात्र २०१२ सालच्या संशोधनात हा संबंध आरएनएमार्फत असल्याचे दिसून आले. त्यामुळे एकाच लायसेटचे (पेशी फोडून मिळवलेल्या द्रवाचे) दोन भाग करून एकात आरएनेज (आरएनए तोडणारे विकर) घालावे आणि त्यातला थोडा नमुना जेलवर चालवून रायबोसोमल आरएनएच्या पट्ट्या खरोखर नाहीशा झाल्या आहेत, याची खात्री करावी. ही खात्री न करता काढलेला ‘थेट बंध’ ग्राह्य धरता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उंदराच्या पेशींतील निष्कर्ष मानवी पेशींना लावणे, किंवा त्याच्या उलट करणे. २०११ साली उंदरांवरील अभ्यासात हे जनुक मूलपेशींत विपुल प्रमाणात व्यक्त होत असूनही बहुक्षमता टिकवण्यासाठी ते अनिवार्य नसल्याचे आढळले. मानवी पेशींत मात्र त्याचे प्रमाण घटवल्यावर स्वयंनवीकरण (विभाजनातून तशाच मूलपेशी घडवत राहणे) बिघडले. माझ्या मते यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण दोन्ही पेशींची विकासावस्था आणि माध्यमाची गरज वेगळी आहे, शिवाय सस्तन प्राण्यांच्या अनेक वंशांत हे जनुक नष्टही झाले आहे. जनुक विपुल असणे आणि आवश्यक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॉकडाउननंतर (जनुकाची अभिव्यक्ती कृत्रिमरीत्या घटवल्यानंतर) कॉलनीची, म्हणजे पेशींच्या पुंजक्याची, रेखीव कडा विस्कटली आणि पेशी पसरट झाल्या, तर तो परिणाम या जनुकाचाच आहे असे लगेच मानू नये. मानवी मूलपेशी एकट्या सुट्या केल्या की मोठ्या संख्येने मरतात, म्हणून त्यांना जगवणारे रॉक इनहिबिटर हे रसायन नॉकडाउन आणि नियंत्रण अशा दोन्ही गटांना सारखाच द्यावा; दोन वेगळ्या एसआयआरएनए (जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करवणारे छोटे आरएनए) वापराव्यात; आणि त्यांपैकी एकीला न जुमानणारी एल१टीडी१ची प्रत परत घालून कॉलनी सावरते का, हे पाहावे. विभेदन (मूलपेशीचे विशिष्ट प्रकारच्या पेशीत रूपांतर) सुरू झाले की एल१टीडी१ स्वतःहूनही झपाट्याने घटते, त्यामुळे ओसीटी४ (बहुक्षमतेची खूण मानले जाणारे प्रथिन) आणि एल१टीडी१ यांची मोजणी केवळ शेवटच्या दिवशी नव्हे, तर पहिल्या दिवसापासून रोज करावी.