फाल्गुनात माळावर पक्षी बघायला जाताना काय काय घ्यायचं (वही! वही!)

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, एवढाच काय तो काळ. थंडीचे पाहुणे अजून गेलेले नसतात, इथले पक्षी गायला लागलेले असतात, काटेसावर-पळस-पांगारा फुललेले असतात आणि ऊन अजून सोसवतं. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यातला माळ आणि ज्वारीचं शिवार डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, नगर-सोलापूरकडच्यांनाही बरंचसं लागू पडेल. दुर्बीण, पाणी, टोपी हे सांगायला नकोच. वही आणि पेन्सिल मात्र सांगावी लागते, म्हणून सगळ्यात आधी तीच. खिशात मावेल अशी छोटी वही आणि एक पेन्सिल. बॅगेत नाही, खिशात. हे वाचताय तोवर उठून उद्याच्या पँटच्या खिशात टाका आणि मग पुढचं वाचा.

मागच्या वेळी माझी घरीच राहिली. सुप्याच्या पुढं गवतावरून भोवत्याची (हॅरियर या शिकारी पक्ष्याची) मादी आली, कमरेएवढ्या उंचीवरून, दोनदा वळली, चांगली मिनिटभर दिसली. संध्याकाळी ग्रुपवर टाकलं तर पहिलाच प्रश्न आला, गालाच्या मागं फिकट कॉलर होती का? पॅलिड हॅरियर आणि माँटेग्यू हॅरियरच्या माद्या वेगळ्या करायच्या तर आधी चेहरा आणि ती कॉलरच बघतात. आणि मी आठवायला जावं तर पुस्तकातलं चित्र डोळ्यासमोर येतंय, समोरून गेलेला पक्षी येतच नाही. शेवटी नोंद नुसती 'हॅरियर' अशीच राहिली. एवढ्या जवळून दिसलेला पक्षी!

तेव्हा पद्धत अशी ठेवा, पक्षी दिसला की आधी डोळे भरून बघायचा, मग लिहायचं, आणि त्यानंतरच पुस्तक किंवा ॲप उघडायचं, हा क्रम मोडू नका कारण एकदा चित्र बघितलं की आठवण त्या चित्रासारखी व्हायला लागते. साळुंकीपेक्षा मोठा की छोटा, चोच कशी, पायाचा रंग, पंखावर पट्टी आहे का, शेपूट हलवतो का, कुठं बसला होता, काय करत होता, किती वाजले. चित्र काढता येत नसलं तरी दोन गोल काढून बाण मारा, इथं पांढरं, इथं काळं, बास. फोटो काढतो की म्हणणाऱ्यांना सांगतो, शंभर फुटांवरचा चंडोल मोबाईलच्या फोटोत ठिपका असतो. कॅमेरा असला तरी वागणं आणि आवाज फोटोत येत नाही. मोबाईलवर टाईप करू म्हणाल तर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि मान खाली जाते तेवढ्यात पक्षी पसार. पेन नको, सकाळच्या दवात कागद ओलसर झाला की चालत नाही. पेन्सिल, आणि तिला दोरा बांधून वहीला अडकवा.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी काचेची) असली तर उत्तम. १०×४२ वाले नेहमी सांगतात की जवळ दिसतं, दिसतं हे खरं, पण हात हललेलाही तेवढाच जास्त दिसतो आणि उडता पक्षी सापडायला वेळ लागतो. माळावर निम्मे पक्षी उडतेच बघायचे असतात. उजव्या डोळ्याचा डायोप्टर (त्या डोळ्याचं फोकस वेगळं जुळवायची कडी) आदल्या दिवशी घरी लांबची एखादी पाटी बघून सेट करा, चष्मा असेल तर आयकप (डोळ्याला टेकतात त्या रबरी कडा) खाली करा. पहाटे गार वाऱ्यात ते जुळवत बसलात की भोवत्ये गेलेच म्हणून समजा. रात्री ते गवतातच मुक्काम करतात आणि उजाडता उजाडता उठतात.

म्हणजे निघायचं लवकर. या दिवसांत सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो, त्याआधी माळावर उभं असायला हवं. दहानंतर जमिनीवरची हवा तापून थरथरायला लागते आणि भारी दुर्बिणीतूनही लांबचं सगळं पाण्यात असल्यासारखं दिसतं, त्यामुळं उशिरा जाऊन 'काही नव्हतं' असं म्हणू नका. पहाटे स्वेटर लागतो, नऊला नको होतो, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाला. रंग मातकट किंवा मळखाऊ हिरवा, पांढरा तर अजिबात नको. पँट गुळगुळीत कापडाची हवी. वाळलेलं कुसळी गवत आता ऐन जोरात असतं, सुती मोज्यात कुसळं घुसली की बारीक सुईसारखी टोचत राहतात आणि दर दहा पावलांना थांबून उपटत बसावं लागतं. अँकलवरचे बूट घाला. दगडांखाली फुरसं असू शकतं, म्हणून दगड उलटायचे नाहीत आणि न बघता हात टेकून बसायचं नाही. सेंट मारून येऊ नका, फुललेल्या झाडांवर मधमाश्या असतात, जवळपास आग्या मोहोळ असलं तर खेळ नाही. आणि सिगारेट-विडी गाडीतसुद्धा नको, हे गवत एका ठिणगीवर अख्खं जातं.

वही खिशात आहे ना? बघा हात लावून.

आता जायचं कुठं. एका सकाळी माळ आणि भिगवणचं पाणी दोन्ही उरकायचा हट्ट धरू नका, उजनीच्या बॅकवॉटरला रोहित (फ्लेमिंगो) बघायला वेगळा दिवस काढा. माळावर आधी भोवत्ये, मग चंडोल. डोंबारी चंडोलाचा नर आत्ताच बघावा, हवेत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या जवळ पुन्हा सावरतो, हे परत परत. धनगर भेटले तर रामराम करून दोन मिनिटं थांबा. मेंढ्या घेऊन दिवसभर तेच तिथं असतात, पखुर्ड्या (सँडग्राउज) कुठल्या पाण्यावर येतात हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि सकाळी ऊन जरा वर आलं की त्या येतातच. वाड्यावरची कुत्री अंगावर येतात, पळायचं नाही, लांबूनच मामांना हाक मारायची.

मग एक काटेसावर धरा. एकच झाड, अर्धा तास. झाडाच्या पूर्वेला उभं राहायचं म्हणजे ऊन पाठीवर येतं आणि रंग नीट दिसतात. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, चष्मेवाले, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा (रोझी स्टार्लिंगचा) थवा. नर आता काळे-गुलाबी झळझळीत झालेले असतात, एप्रिलपर्यंत बहुतेक सगळे मध्य आशियाकडं विणीला निघून जातात. फुलात डोकं घातलं की कपाळाला पिवळे परागकण लागतात आणि ओळखीचा पक्षीसुद्धा वेगळाच वाटतो, याच्यावरून नवशिके फसतात. अशा वेळी काय करायचं? वहीत लिहायचं, 'कपाळ पिवळं, परागकण?' असं. ज्वारीच्या शेतात काळ्या डोक्याचे भारीट शेकड्यानं असतात, पण काढणी चालू असते, मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही.

हे मात्र रागानं लिहितोय. माळावर गाडी घालू नका. धाविक (जमिनीवर पळणारा कोर्सर) दिसला की त्याच्या मागं चारचाकी पळवत फोटो काढणारे बघितलेत. टिटवी, धाविक, चंडोल सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांत खड्यासारखी असतात, टायरखाली गेलेली कळतसुद्धा नाहीत. मार्चमध्ये टिटवीची वीण सुरू होते. डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आल्या पावली मागं फिरा, फोटोसाठी थांबू नका. गाडीवाटेवर गाडी लावून पायी चाला. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, तो बिचारा आपली हद्द राखायला दाणापाणी सोडून येतो.

मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा भारतातला पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, रेंज नसते. ते नाव सुचवतं, खात्री आपण करायची. कशावरून? वहीवरून. पॉवरबँक घ्या. पाणी माणशी दोन लिटर, खाणं तुमचं तुम्ही बघा. पुस्तक एकच, ग्रुपमध्ये कुणातरी एकाकडं.

परतल्यावर त्याच दिवशी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर) यादी भरा, दुसऱ्या दिवशी आकडे धूसर होतात. नक्की नसेल तिथं नुसतं 'हॅरियर' टाकायची सोय आहे, ती वापरा, अंदाजानं जात लिहू नका. विणीची जागा कुठंही टाकू नका, ग्रुपवरही नाही. दुर्बिणीच्या काचेवरची धूळ आधी फुंकणीनं उडवायची, मग पुसायची. मोजे वेगळे धुवा, कुसळं बाकीच्या कपड्यांत जातात.