चिमुकलं कंट्रोल लाइन विमान माळावर नेण्याआधी

कंट्रोल लाइन विमान म्हणजे दोन तारांना बांधून आपल्याभोवती गोल उडवायचं इंजिनाचं छोटं विमान. तारांचं दुसरं टोक हातातल्या हँडलला, आणि त्या तारांनी वर-खाली हलते ती शेपटीची पट्टी म्हणजे एलेव्हेटर. हँडलचा माथा मागे झुकवला की एलेव्हेटर वर. माथा पुढे झुकवला की एलेव्हेटर खाली. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण गेल्या खेपेला बाकी सगळी तयारी जय्यत होती आणि नेमकं हेच बघायचं राहिलं. जमिनीवर ठेवलेलं हँडल उचलताना उलटं धरलं गेलं. विमान सुटलं, मी वर घ्यायला मनगट मागे ओढलं आणि ते नाक खाली घालून थेट मुरमात घुसलं. म्हणून ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळू नका.

घरची तयारी आधी. बाल्सा, फेव्हिक्विक, पॉलिश पेपर यांचं सांगत बसत नाही, ते तुमच्याकडे असतंच. इंजिन ०.०४९ घनइंचाचं, म्हणजे जेमतेम ०.८ सीसीचं. ज्या फळीवर ते बसतं तिला इपॉक्सीचा पातळ हात द्या, नाहीतर इंधन लाकडात मुरतं आणि चार दिवसांत स्क्रू हलायला लागतात. उजव्या पंखाच्या टोकात सात-आठ ग्रॅम शिसं घाला. विमान तुमच्याभोवती डावीकडे फिरतं, डावा पंख तुमच्या बाजूला असतो आणि तारांचं वजन त्याच बाजूला पडतं. इंजिनाचं नाक दोन-तीन अंश बाहेर वळवा, म्हणजे तारा ताणलेल्या राहतात. तार सैल पडली की विमान तुमचं राहत नाही, मग हातात हँडल असलं काय आणि नसलं काय. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव भागातच यायला हवा. शेपटी जड झालेलं विमान नवशिक्याने उडवायचंच नाही; नाकात वजन घाला, पण तसं नेऊ नका.

बेलक्रँकपासून (तारांची ओढ शेपटीकडे वळवणारा विमानातला तुकडा) एलेव्हेटरपर्यंतची सगळी जोडणी लोण्यासारखी सरकली पाहिजे. विमान हातात आडवं धरा, तारा सैल सोडा. एलेव्हेटर आपल्या वजनाने खाली लोंबला पाहिजे. मध्येच अडकून राहिला तर बिजागरी घट्ट आहे किंवा पुशरॉड, म्हणजे बेलक्रँकपासून एलेव्हेटरला जाणारी काडी, कुठेतरी घासतोय. आणि शेपटी डोळ्यासमोर आहेच, तर घरीच तारा जोडून बघा: माथा मागे, एलेव्हेटर वर. हँडलच्या वरच्या टोकाला लाल रंग लावा. वरच्या तारेच्या दोन्ही टोकांना आणि विमानातून बाहेर येणाऱ्या तिच्या जोडीदारालाही तोच लाल रंग. नेलपॉलिश चालतं. मार्कर इंधनाने पुसला जातो, तो नको.

तारांबद्दल थोडं सविस्तर. या आकाराला साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची पीळदार स्टीलची तार, लांबी २५ ते ३५ फूट. इथे मिरज जवळ, त्यामुळे तंतुवाद्यवाल्यांकडून सतारीची तार आणायचा मोह होतो. नका आणू. एकेरी तारेत एकदा मुडप पडला की पुढेमागे ती तिथेच तुटते. दोन्ही तारा एकसारख्या लांबीच्या हव्यात; मनगट सरळ असताना एलेव्हेटरही सरळ असला पाहिजे. मग ओढून बघा. ३५ फुटांच्या तारेवर एक फेरी चार सेकंदांत म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग. त्या वेगाला विमान स्वतःच्या वजनाच्या अडीच-पावणेतीनपट ओढतं, आणि झटका बसला तर त्याहून जास्त. म्हणून वजनाच्या दहापट ताण देऊन बघायचं: विमान २०० ग्रॅमचं असेल तर दोन किलो. स्प्रिंगचा टांगता काटा घ्या, अंदाज नको. मनगटाला बांधायची दोरी हँडलला असलीच पाहिजे. हातातून हँडल सुटलं तर विमान तारांसकट बघणाऱ्यांत घुसतं.

इंधन: मेथॅनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेन. एरंडेल वीस टक्क्यांच्या आसपास हवंच. रिमोटच्या गाडीचं इंधन ‘चालतंय की’ म्हणून कुणी देईल, पण त्यात तेल बहुतेक वेळा कमी असतं आणि या इंजिनाचा कनेक्टिंग रॉडचा सांधा त्याने झिजतो. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा, मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली सरळ बाद समजा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, मेथॅनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून जवळ विडी-सिगारेट कुणाचीही नको, पाहुण्यांचीसुद्धा. ग्लो प्लगला, म्हणजे इंजिनातलं इंधन पेटवणाऱ्या तापत्या प्लगला, दीड व्होल्टचा एकच मोठा सेल. दोन सेल एकामागे एक जोडलेत की प्लग गेला, आणि नवा प्लग सांगलीत कोपऱ्यावर मिळत नाही.

आता जागा. मालकाला विचारून घ्या. आधी मान वर करून बघा, कारण आपल्याकडे ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यात जिकडेतिकडे शेतीपंपांच्या लाइनी गेलेल्या असतात. स्टीलची तार विजेच्या तारेला लागली तर करंट थेट तुमच्या हातात उतरतो. शंका असेल तर जागा सोडा, अंतराचा हिशेब करत बसू नका. वळवाचे ढग दिसले तरी तेच: तारा गुंडाळा आणि घरी चला. दिवाळीनंतरच्या सकाळी सगळ्यात बऱ्या, वारा नसतो. काळ्या रानाला भेगा असतात, चाक अडकतं. मुरमाड माळ किंवा आखूड गवत बघा. मध्यापासून सगळीकडे पंधरा मीटर मोकळं हवं. लहान पोरं फार उत्साहाने पुढे येतात, त्यांच्यासाठी एक माणूस ठेवा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

तारा सोडून झाल्या, जोडून झाल्या. आता परत बघा. घरी बघितलं होतं हे इथे चालत नाही. सोबत्याने विमान धरायचं, तुम्ही मध्यावर जाऊन हँडल घ्यायचं, लाल टोक वर. माथा मागे झुकवा. सोबत्याने एलेव्हेटरकडे बघून मोठ्याने ‘वर’ म्हणायचं. पुढे झुकवलं की ‘खाली’. ‘ओके’ म्हणायचं नाही, ‘बरोबर आहे’ म्हणायचं नाही. फक्त वर किंवा खाली, कारण ‘ओके’ न बघताही म्हणता येतं. नंतर हँडल खाली ठेवलंत, कुणी तारांवरून चाललं, इंजिन सुरू करायला तुम्ही विमानाकडे जाऊन आलात, तर पुन्हा पहिल्यापासून. इंजिन सुरू आहे, इंधन संपत चाललंय, सगळे बघतायत, तरीसुद्धा. दोन सेकंद लागतात. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मोठ्या इंजिनावर शिकलेल्यांनीही हे करायचं. मोठ्या विमानापुढे हे फार चपळ, चूक सुधारायला वेळच देत नाही.

इंजिन सुरू करताना बोटं आणि शर्टाची बाही प्रोपेलरपासून लांब. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, आधी आवाज चढेपर्यंत बंद करत न्या, मग किंचित उघडा, अगदी टोकावर ठेवू नका. वारा असला तर तुमच्या पाठीवरून विमानाकडे जाईल अशा बाजूने सोडा, म्हणजे सुरुवातीला तारा ताठ राहतील. सोबत्याने ढकलायचं नाही, फक्त सोडायचं. नजर विमानावर, मागच्या झाडांवर नाही, नाहीतर चक्कर येते. पहिल्यांदा नुसत्या सपाट फेऱ्या. दोन-तीन मिनिटांत इंजिन आपोआप थांबतं, तेव्हा घाबरून वर ओढू नका.

घरी जाण्याआधी उरलेलं इंधन काढा, इंजिनात हलक्या तेलाचे दोन थेंब टाकून प्रोपेलर फिरवा. एरंडेल आत वाळलं तर पिस्टन चिकटतो. तारा रिळावर गुंडाळा, हातावर नको. प्रोपेलरला चीर असेल तर तो फेकून द्या. बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.