प्रिंटरचा मेकअप संपला म्हणून थिनर ओतू नका

बाटलीवर तारीख-बॅच छापणाऱ्या सीआयजे (कंटिन्युअस इंकजेट) प्रिंटरमध्ये शाई सतत फिरत असते. न छापलेले थेंब गटरमधून, म्हणजे ते टिपणाऱ्या नळीतून, परत येतात आणि वाटेत त्यांतला सॉल्व्हंट (द्रावक) उडतो. ती तूट मेकअप, म्हणजे शाईत मिसळायचा तिच्या जोडीचा द्रावक, भरून काढतो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तो जास्त लागतो, म्हणून एक बाटली शिल्लक ठेवाच.

रात्रपाळीत मेकअप संपला की हात रंगाच्या थिनरकडे जातो. कृपया तसं करू नका. थिनर म्हणजे अनेक द्रावकांचं मिश्रण. त्याने शाईची विद्युतवाहकता बदलते, थेंबांना जागेवर वळवणारा चार्ज नीट बसत नाही आणि अक्षरं वाकडी येतात. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रावकाच्या शाईत न जुळणारा द्रावक गेला, तर रेझिन (शाई चिकटवणारा घटक) साकळून गाठी होतात. नोझलचं छिद्र जेमतेम ६०-७० मायक्रॉनचं. मग पंप, फिल्टर, नळ्या सगळंच उघडावं लागतं.

शाईच्या लेबलवर तिच्या जोडीच्या मेकअपचा क्रमांक असतो, तो जुळवूनच बाटली लावा. शाईचा प्रकार बदलताना आधी पूर्ण फ्लशिंग करा, म्हणजे आतली जुनी शाई धुऊन काढा.

एमईके उणे ९ अंशांनाही पेट घेऊ शकतो. हातमोजे ब्युटाइल रबरचे घ्या, नायट्राइलमधून तो लवकर झिरपतो.