ऑपरेशननंतर केमो घ्यायची की नाही? ठरवताना या चुका टाळा

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन तट पडले. मावशी म्हणाली, "गाठ काढली ना, मग केमो कशाला?" मामा म्हणाले, "घेऊन टाका, उगाच जिवाशी खेळ नको." दोघांचाही आईवर जीव. पण आईचा रिपोर्ट दोघांनीही वाचला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही नीट वाचला नव्हता. त्या महिनाभरात आम्ही ज्या चुका केल्या किंवा करता करता वाचलो, त्या इथे लिहिते आहे.

"स्कॅन स्वच्छ आहे, म्हणजे झालं"

पेट स्कॅनला काही मिलिमीटरचा पुंजका दिसतो, रक्तातून निसटलेल्या मूठभर पेशी दिसत नाहीत. ऑपरेशननंतरची केमो असते ती या न दिसणाऱ्या पेशींसाठी. काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत (म्हणजे नोडपर्यंत) आजार पोचलेल्या बायकांना ऑपरेशननंतर केमो दिली तर तो परत येण्याचं प्रमाण घटतं, हे मिलानच्या डॉ. बोनादोन्ना यांनी १९७६ मध्ये दाखवलं. मात्र अशा पेशी प्रत्येकीच्या अंगात उरलेल्या नसतात. म्हणूनच "सगळ्यांनी घ्यावी" हेही चूक आणि "गाठ गेली, आता काय" हेही चूक.

अर्ध्या रिपोर्टवर निर्णय

आमची सगळ्यात मोठी चूक हीच होणार होती. आईची गाठ दीड सेंटिमीटरची, काखेत काही नाही, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण रिपोर्टच्या तळाशी 'हर-टू: २+' असं लिहिलं होतं. हर-टू हे पेशी वाढवणारं प्रथिन, ते जास्त असेल तर आजार जोमाने वाढतो. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. त्यासाठी हर-टूचं जनुक मोजणारी फिश नावाची तपासणी करावी लागते. ती केली, पॉझिटिव्ह आली आणि सगळं गणितच बदललं: आता नुसत्या गोळ्यांवर भागणार नव्हतं.

म्हणून गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते), किती नोड तपासले आणि त्यातले किती बाधित, रिसेप्टर, हे सगळं हातात आल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर किमान १२ नोड तपासलेत का ते बघा आणि एमएमआर तपासणीबद्दल (पेशीतली जनुकांच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, ते बघणारी) विचारा. दुसऱ्या टप्प्यातल्या काही रुग्णांचा केमोचा निर्णय त्या एका तपासणीवर फिरतो.

सेकंड ओपिनियनला जाताना नुसता कागद नेऊ नका. ऑपरेशन जिथे झालं तिथून पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने, मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ते नव्याने तपासतात. ते नसले की आणखी एक हेलपाटा ठरलेला.

"किती टक्के फायदा?" एवढंच विचारणं

हा मुद्दा सावकाश वाचा. समजा डॉक्टर म्हणाले, केमोने धोका एक तृतीयांशाने कमी होतो. ऐकायला भरघोस वाटतं. पण धोका मुळात किती? केमोशिवाय १०० पैकी ३० जणींचा आजार परतणार असेल, तर केमोने २० जणींचा परतेल, म्हणजे १० जणी वाचतील. मुळात ६ जणींचाच परतणार असेल, तर ४ होतील, २ जणी वाचतील. तेच औषध, तोच एक तृतीयांश. पण एकीकडे दहा, दुसरीकडे दोन, आणि केमोचा त्रास मात्र दोन्हीकडे शंभरही जणींनी सोसायचा.

तेव्हा प्रश्न असा विचारा: "माझ्यासारख्या १०० जणींपैकी केमोशिवाय किती बऱ्या राहतात आणि केमोने त्यात किती वाढतात?" मग त्रासाचाही आकडा तसाच मागा.

हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असेल तर गाठीतल्या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. आजार परतण्याचा धोका ती स्कोअरने सांगते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या टेलरएक्स या दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की पन्नाशी ओलांडलेल्या आणि २१ जनुकांच्या चाचणीचा स्कोअर २५ पर्यंत असलेल्या स्त्रियांना गोळ्यांच्या जोडीला केमो देऊन वेगळा फायदा झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या काहींना थोडा झाला. तपासणी महाग आहे, म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारा: निकाल काय येतो त्यावर तुमचा सल्ला बदलणार आहे का?

"गणपती होऊन जाऊ दे"

जखम भरायला वेळ द्यावाच लागतो, पण केमो घ्यायची असेल तर ती साधारण चार ते आठ आठवड्यांत सुरू करतात. फार लांबवली की फायदा ओसरतो. पहिल्याच भेटीत "उशिरात उशिरा कधीपर्यंत?" ही तारीख लिहून घ्या. पुढे मूल हवं असेल तर बीजांडं किंवा वीर्य गोठवण्याचं पहिल्या डोसच्या आधी बोला, नंतर नाही. आणि १००.४ अंश ताप आला तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं असतं. डोंबिवलीहून कुणाच्या गाडीने, कुठल्या हॉस्पिटलात, हे आधी ठरवा. एरवी लोकलने जाणार असाल तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं. गर्दीतला जंतुसंसर्ग तेवढाच टळतो.

रुग्णाला केबिनबाहेर बसवणं

"आईला नको सांगूस, घाबरेल," असं मामांनी मला बजावलं होतं. दोन भेटी आई बाहेर बाकावर बसली आणि आत आम्ही तिच्या आयुष्याबद्दल बोललो. याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या वेळी ती उठून आत आली. डॉक्टरांनी सगळं सांगितलं: दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, असे बारा आठवडे, आणि हर-टूवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब वर्षभर. केसांचं तिने विचारलंही नाही. म्हणाली, "डॉक्टर, मी ब्लाउज शिवते. सुई धरता येईल ना?"

आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होऊ शकतात, काहींची बराच काळ तशीच राहतात. डॉक्टर म्हणाले, "दर आठवड्याला मला बोटांचं सांगायचं, लपवायचं नाही. गरज पडली तर डोस कमी करू." आईने होकार दिला. मग दर गुरुवारी निघायच्या आधी ती खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवून बघायची. नवव्या गुरुवारी दोरा तिसऱ्या खेपेला गेला. तिने डॉक्टरांना तसंच सांगितलं आणि त्या दिवशी डोस कमी झाला.