पद्मिनी आयडलिंगला थरथरून बंद पडत होती, उपाय सापडला

गाडी पद्मिनी, 1089 सीसी, कार्बोरेटरवाली. गरम झाल्यावर आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) थरथरायची, सिग्नलला बंद पडायची. चोक थोडा ओढला की लगेच शांत. प्लग, पॉइंट बदलले, जेट साफ केले, फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

चोक कार्बोरेटरमधली हवा कमी करतो, तेव्हा चोकने सुधारते म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरतेय. इंजिन चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना करंट वाटणारा भाग) पाणी जाऊ न देता, कार्बोरेटरच्या बुडाशी पाण्याचा बारीक फवारा मारला. आवाज तिथेच बदलला, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. कार्बोरेटर उतरवून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरली, तर मधोमध उजेड दिसला. नट जास्त आवळले की फ्लँज (बुडाची नट बसणारी सपाट कड) अशी वाकते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासली, भुकटी पेट्रोलने धुतली, दोन्ही पॅकिंग नवी टाकली, नट आलटूनपालटून थोडेथोडे आवळले. मग गरम इंजिनवर मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) जुळवला. हवेची गळती बंद होईपर्यंत त्या स्क्रूला हात लावू नका.