तालमीतून ज्युदोत येताय? आधी उभं राहणं बदला

मराठवाड्यात ज्युदो शिकायला येणारं पोरगं तालमीतलं असेल, तर ते मॅटवर पाऊल ठेवताच कंबरेत वाकतं. लाल मातीत पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचं, तर वाकावंच लागतं. पण ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्यानं पाय हातानं धरायला बंदी आहे, त्यामुळं वाकून फायदा काही नाही. उलट मुंडी पुढं आली की समोरचा कॉलर धरून ती खाली ओढतो.

मूळ पवित्रा शिझेनताई. पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे ढिले, पाठ सरळ, हनुवटी किंचित आत. वजन चवड्यांवर, टाचेखालून कागद सरकेल इतपतच टाच हलकी. उजवं पाऊल पुढं घेतलं की मिगी शिझेनताई, डावं घेतलं की हिदारी. पाय फाकवून गुडघ्यांत खाली बसणं म्हणजे जिगोताई. ती बचावापुरती, तिथंच अडून बसलात तर पंच शिदो, म्हणजे दंडाची ताकीद, देतात.

चालताना पावलं उचलायची नाहीत, चवडा मॅटला घासत सरकवायचा. ही सुरिआशी. नेहमीसारखं एकाआड एक पाऊल टाकलं की आयुमिआशी. त्सुगिआशीत एक पाऊल पुढं जातं, दुसरं त्याच्या मागं येतं, पण त्याला गाठत नाही. दोन पावलांत निदान एका पावलाचं अंतर राहू द्या. सगळ्यात जास्त चूक इथंच होते: घाईत मागचं पाऊल पुढच्याला चिकटतं आणि नेमक्या त्याच क्षणी ओकुरी-आशी-हाराई हा डाव बसतो, दोन्ही पाय एकदम झाडले जातात. सराव करताना जोडीदाराला तुमच्या डोक्याकडं बघायला सांगा. डोकं वरखाली होत असेल तर पावलं उचलली जातायत.

मग वळणं, म्हणजे ताईसाबाकी. माए-साबाकीत उजवं पाऊल डाव्याच्या पुढं टाकून डावीकडं 90 अंश वळा. माए-मावारीत तेच पाऊल पुढं रोवून, डावं मागून ओढून 180 अंश. टाच टेकवून वळलात तर सगळा पीळ गुडघ्यात जातो, म्हणून चवड्यावरच फिरा. खांदे वळले नि कंबर मागं राहिली, तर ते वळणं धरू नका. पाय आधी, कंबर लगेच, खांदे त्यांच्याबरोबर.

एप्रिल-मे महिन्यांत घामानं मॅट निसरडी होते, मधेमधे कोरड्या फडक्यानं पुसा. मॅटच्या जोडांत फट असेल तर आधी ती मिटवा. सरकणारा अंगठा तिथंच अडकतो. नखं कापलेली हवीतच.

दोन्ही बाजूंनी दहा-दहा वळणं तोल न जाता जमली की मगच जोडीदाराची बाही-कॉलर धरा.