फसलेला रोलर जपून ठेवा: धाडसाच्या शिष्यवृत्तीची तयारी

सगळ्यात आधी माळ्यावर आणि कॉटखाली बघा. बंद पडलेलं मॉडेल, जळालेलं सर्किट, अर्ध्यात सोडलेलं चित्र, जे काही असेल ते साफसफाईत भंगारात जाण्याआधी काढून ठेवा. नेहमीच्या शिष्यवृत्तीला मार्कलिस्ट पुरते. पण नवं काही करताना कुठे आपटलात, असं विचारणाऱ्या शिष्यवृत्तीला हीच वस्तू दाखवावी लागते. टाटा समूह आपल्या कंपन्यांमधल्या फसलेल्या पण मनापासून केलेल्या प्रयोगांना ‘डेअर टू ट्राय’ नावाचा पुरस्कार देतो. अशा शिष्यवृत्तीला विद्यार्थ्यांकडूनही तेच हवं असतं.

वस्तू मिळाली की वही काढा. इथे घाई करू नका, कारण अर्ज याच वहीवर उभा राहतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने शेंगा फोडायचं हातयंत्र करायला घेतलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या फौंड्रीतून त्याने रोलर ओतून घेतला. वरून अगदी गुळगुळीत. लेथवर पहिला कट मारला आणि आत मसुराएवढी भोकं दिसली. मिस्त्री म्हणाले, “साच्याची वाळू ओली राहिली, गॅस अडकला.” पोराने अर्जात लिहिलं, ‘तांत्रिक अडचणींमुळे प्रकल्प पूर्ण होऊ शकला नाही.’ मी ते वाक्य खोडायला लावलं. त्याऐवजी तारीख आली, ओली वाळू आली, गेलेले पैसे आले. मग लाकडी रोलरवर शेंगा फुटल्या पण दाणेही भरडले, हे आलं, आणि त्यावर स्कूटरची जुनी ट्यूब गुंडाळून पाहिली, हेही. यंत्र आजही नीट चालत नाही. तेही त्याने तसंच लिहिलं, आणि ते मला फार आवडलं.

अभ्यास न करता नापास झालात तर ते इथे लिहू नका. तो हलगर्जीपणा झाला, त्यात धाडस नाही.

आतापर्यंत मिळालेल्या नकारांचं एक पान करा: हुकलेल्या स्पर्धा, परत आलेले अर्ज. मेलानी स्टीफन या संशोधिकेने २०१० मध्ये ‘नेचर’मधून शास्त्रज्ञांना अपयशांचा बायोडेटा लिहायला सुचवलं होतं. हे पान अर्जाला जोडलं नाही तरी मुलाखतीआधी वाचून जा, बोलताना अडखळायला होत नाही.

शिफारसपत्र तुम्हाला चुकताना पाहिलेल्या माणसाकडून घ्या. नियमात बसत असेल तर फौंड्रीतल्या मिस्त्रींचं चार ओळींचं पत्रही चालेल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, आधारशी जोडलेलं बँक खातं ही कागदं आधीच करून ठेवा; निकालानंतर सेतूत रांगा लागतात. धाकटं भावंड शाळेत असेल तर त्याच्या सरांना केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेबद्दल विचारा. तिथे कल्पना शाळेमार्फत जाते आणि निवड झाली की मॉडेल करायला १०,००० रुपये मिळतात.

घरच्यांशी मात्र निवांत बसून बोला. “फसलेलं चारचौघांत कशाला सांगायचं?” असं बाबा म्हणणारच, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, त्यांनी पैसे घातलेत. त्यांना वहीतलं खर्चाचं पान दाखवा. सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगा. आपल्याच कोल्हापुरात त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायचा ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदराव गेले, तेव्हाही तो पुरा झाला नव्हता. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये तो चालवून दाखवला. मधली ती दोन वर्षं कशी गेली असतील, याचा मी अनेकदा विचार करते.

मुलाखतीच्या आदल्या रात्री रोलर जुन्या टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये तळाशी ठेवा, वही वर. आत गेल्यावर विचारायची वाट बघू नका. टेबलावर ठेवा, भोकं दिसतील ती बाजू मुलाखत घेणाऱ्यांकडे करून.